लॉम द रिओ (१९६४): नुसती पळापळ, की अजून काही?

वरणभात_तूप

फ्रेंच पिक्चर म्हटलं की आपल्याकडे दोनच रिअ‍ॅक्शन येतात. एक म्हणजे "बापरे, झोप लागेल" आणि दुसरी इथे लिहिली तर संपादक धागा उडवतील. या दोन्हीत न बसणारा एक पिक्चर बघितला आणि तो डोक्यातून जाईना म्हणून हा धागा.

'लॉम द रिओ', इंग्रजीत 'दॅट मॅन फ्रॉम रिओ'. साल १९६४, दिग्दर्शक फिलीप द ब्रोका, हिरो जाँ-पॉल बेल्मोंडो. (स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांना नकोत त्यांनी इथूनच कलटी मारा.) एअरफोर्समधला एक साधा शिपाई, आद्रियँ, आठवड्याभराच्या रजेवर पॅरिसला येतो. त्याच सुमारास तिथल्या म्युझियममधून दक्षिण अमेरिकेतली एक छोटी मूर्ती चोरीला जाते, एक प्रोफेसर पळवला जातो आणि मग याच्या डोळ्यादेखत याची होणारी बायको आन्येसलाही उचलतात. हा पठ्ठ्या एका पोलिसाची मोटरसायकल ढापून मागे लागतो तो थेट ऑर्ली विमानतळ, आणि तिथून कसाबसा विमानात घुसून थेट रिओ. सामान नाही, ओळखपाळख नाही, भाषा येत नाही. रिओवरून ब्राझिलिया, ब्राझिलियावरून अ‍ॅमेझॉनचं जंगल, आणि सगळा वेळ डोक्यावर एकच टांगती तलवार, की रजा संपायच्या आत परत हजर व्हायचंय.

मला यात सगळ्यात काय आवडलं असेल तर त्याला खजिन्याचं काहीही पडलेलं नाही. बाकी सगळे मूर्तींच्या मागे आणि हा बाईच्या मागे. मार खातो, पडतो, उठतो, कपडे झटकतो, परत पळतो. ब्राझिलियातली ती पळापळ तर बघाच, पांढरा कोट घातलेला एकटा माणूस, अर्धवट बांधलेल्या इमारती, आणि मैदानं एवढी अफाट की तो मुंगीएवढा दिसतो.

तर प्रश्न दोन. एक, हा निव्वळ टाइमपास आहे का, की या पळापळीच्या मागे द ब्रोकाला काहीतरी दाखवायचंही होतं? दुसरा जास्त महत्त्वाचा, लेक पाचवीत आहे, तिला प्रचंड आवडलाय, सबटायटल्स मी आवाज काढून वाचून दाखवली. आता पुढे काय दाखवू?

निवांत_बंड्या

पहिला! पिक्चर बघितलेला नाही. रुमाल टाकून ठेवतो.

चौकस

बंड्याशेठ, तुमचे आजवरचे रुमाल गोळा केले तर लक्ष्मी रोडला दुकान निघेल.

वरणभात, हा पिक्चर म्हणजे टिनटिन आहे हो, फक्त कुत्रा नाही आणि गर्लफ्रेंड आहे. 'द ब्रोकन इअर' काढून बघा. म्युझियममधून मूर्ती गायब, मूर्तीच्या पोटात हिरा, सगळे दक्षिण अमेरिकेत. प्रोफेसरला पळवणं 'सेव्हन क्रिस्टल बॉल्स'मधलं. तीन वस्तू एकत्र आल्याशिवाय खजिन्याचा पत्ता लागत नाही हे 'युनिकॉर्न'मधलं. द ब्रोकाने हे लपवलेलंही नाही, उघड उघड टिनटिनप्रेम आहे. आणि बेल्मोंडोचं पळणं बघा, अगदी कॉमिकच्या चौकटीतून चौकटीत उडी मारल्यासारखं, मधला वेळ कापून टाकलाय. भिंतीवर चढताना दिसतो आणि पुढच्या शॉटला पलीकडे.

फॉर्म्युला_४४

खजिना, पुरातन मूर्ती, ठरावीक वेळी सूर्यकिरण येतो आणि बरोब्बर जागा दाखवतो... हे मी १९८१ साली हॅट आणि चाबूकवाल्या पिक्चरमध्ये बघितलंय की. 😀

चौकस

@फॉर्म्युला, त्यातली गंमत पुढे आहे. 'रेडर्स' (तोच हॅट-चाबूकवाला, स्पीलबर्गचा इंडियाना जोन्स) आला तेव्हा एका फ्रेंच परीक्षणात त्याची तुलना टिनटिनशी केली होती, आणि स्पीलबर्गने टिनटिन तोपर्यंत वाचलेलंच नव्हतं! मग त्याने पुस्तकं मागवली, प्रेमात पडला, आणि शेवटी २०११ ला टिनटिनचाच पिक्चर काढला. म्हणजे टिनटिनवरून बेल्मोंडो, बेल्मोंडोच्या वाटेने इंडी, आणि इंडीवरून परत टिनटिन. मामाच्या गावाला जाऊन आल्यासारखं.

अण्णा_दादरकर

मी हा चित्रपट फार पूर्वी फिल्म सोसायटीत पाहिला आहे. प्रिंट इतकी घासलेली होती की पॅरिसमध्येही पाऊस आणि रिओतही पाऊस. चित्रपट मजेशीर आहे याबद्दल वाद नाही. पण "मागे काहीतरी आहे का" वगैरे शोधू नये असं माझं मत. द ब्रोका हा त्रुफोच्या 'फोर हंड्रेड ब्लोज'चा आणि शाब्रोलच्या पहिल्या चित्रपटाचा सहायक दिग्दर्शक, म्हणजे न्यू वेव्हच्या (फ्रेंच सिनेमातल्या नव्या लाटेच्या) अगदी स्वयंपाकघरात वावरलेला माणूस. त्याने ठरवून तिकडून बाहेर पडून करमणूक करायचं ठरवलं, आणि उत्तम केली. बेल्मोंडोही तसाच. १९६० मध्ये 'ब्रेथलेस', आणि चार वर्षांत मगरीच्या तोंडावर पॅराशूटला लटकलेला. करमणुकीला करमणूक म्हणून मान द्यावा, तिच्या अंगावर अर्थाची शाल घालून सत्कार करू नये.

निवांत_बंड्या

अर्थाची शाल आणि श्रीफळ 😂 अण्णा दंडवत

सिमेंटवाला

अण्णा, तुमचा मान राखून पूर्ण असहमत. मी सिव्हिलवाला आहे त्यामुळे मी हा पिक्चर बेल्मोंडोसाठी बघितलाच नाही, मागच्या बांधकामासाठी बघितला.

ब्राझिलियाचं उद्घाटन २१ एप्रिल १९६०. कुबिचेक हा तिथला राष्ट्राध्यक्ष, "पन्नास वर्षांची प्रगती पाच वर्षांत" अशी घोषणा देऊन निवडून आलेला, आणि त्याने खरंच देशाच्या मध्यावर ओसाड पठारावर राजधानी उभी केली. आखणी लुसियो कोस्टाची, मुख्य इमारती ऑस्कर निमायरच्या. वरून बघितलं तर शहर विमानाच्या आकाराचं. साडेतीन-चार वर्षांत एवढं काम म्हणजे काय चेष्टा नाही, आमच्याकडे एवढ्या वेळात एका पुलाच्या दोन बाजू एकमेकींना भेटत नाहीत. पण उद्घाटन झालं म्हणजे शहर पूर्ण झालं असं थोडंच असतं. पुढची कित्येक वर्षं काम चालू होतं आणि हा पिक्चर नेमका त्या मधल्या अवस्थेत तिथे जाऊन पोचलाय. सेट लावलेला नाही. ते सांगाडे खरे, ती लाल माती खरी, ते केबल खरे. बेल्मोंडो ज्या उघड्या बीमवरून चालतो तिथे माझ्या साइटवर कोणी विदाउट बेल्ट दिसला तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवीन.

आता मुद्दा. शहर बांधतोय कोण? तो उद्योगपती दे कास्त्रो, ज्याच्याकडे तीनपैकी एक मूर्ती आहे. एकीकडे प्राचीन संस्कृतीच्या मूर्तीवर जीव, दुसरीकडे काँक्रीट ओततोय. आणि शेवट आठवा. प्रोफेसर गुहेत खजिन्यापर्यंत पोचतो आणि बाहेर सुरुंग लागतो. कशासाठी? अ‍ॅमेझॉनमधून रस्ता काढायचा म्हणून! डोंगर कोसळतो, खजिना गडप, आणि आपले दोघं बाहेर पडतात तर समोर बुलडोझर जंगल झोपवतायत. हे १९६४ साली. प्रत्यक्षातला ट्रान्सअ‍ॅमेझॉनियन हायवे १९७० मध्ये सुरू झाला. (बेलेम-ब्राझिलिया रस्ता मात्र तोवर झालेला होता, तो बघूनच सुचलं असणार.) एवढं सगळं "सहज" येत नसतं अण्णा.

मुक्ता_क

सिमेंटवाल्यांना +१००. पिक्चर फ्रान्समध्ये लागला फेब्रुवारी १९६४ ला, आणि एप्रिल उजाडताना ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली ती पुढे एकवीस वर्षं. कुबिचेकचे नागरी हक्क काढून घेतले, निमायरला पुढे परदेशात काम शोधावं लागलं, पॅरिसमध्ये फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाची इमारत त्याचीच. त्यामुळे आज बघताना त्या रिकाम्या चकाचक शहराकडे वेगळंच बघितलं जातं. उमेदीच्या अगदी शेवटच्या दिवसांचं शूटिंग आहे ते.

पण माझं एक भांडण आहे आणि ते कोणीच काढलं नाही. आन्येस! काय ती बाई! आद्रियँ बिचारा जीव मुठीत धरून सोडवायला येतो आणि हिचं आपलं भलतंच काहीतरी चालू. मध्येच नाचायला लागते, मध्येच रुसते. साठच्या दशकातल्या पुरुषांनी लिहिलेली "गोड पण बिनडोक" हिरॉइन. लेकीला दाखवताना हे तुम्हाला खटकलं नाही का वरणभात?

आणि ती "माल्टेक" संस्कृती पूर्णपणे काल्पनिक आहे, माया, टोल्टेक, अ‍ॅझटेक सगळं मिक्सरमधून काढलेलं. युरोपातून यायचं, बूट पॉलिश करणारा पोरगा लगेच मित्र होणार, झोपडपट्टी छान रंगीत, सगळे गातायत. हे आता बघवत नाही.

नाटक्या

मुक्ताताई, "पुरुषांनी लिहिलेली" हे तेवढं खरं नाही. पटकथेवर चार नावं आहेत: द ब्रोका, जाँ-पॉल रापनो, दानिएल बुलांजे आणि आरियान म्नुश्किन. हो, तीच, थिएटर द्यु सोलेईलवाली! निर्माता अलेक्झांडर म्नुश्किन तिचे वडील. ज्या वर्षी हा पिक्चर आला त्याच १९६४ ला तिने ती नाटक कंपनी काढली. पुढे कथकलीपासून काय काय तिच्या रंगभूमीवर आलं, आणि १९८७ ला भारताच्या फाळणीवरचं 'लँद्यियाद' हे भलंमोठं नाटक तिने केलं, त्यात गांधी, नेहरू, जिना सगळे. नाटकवाल्यांना ती माहीत असते आणि पिक्चरवाल्यांना बेल्मोंडो, पण या दोघांच्या नावांची पाटी एकाच पिक्चरवर आहे हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

चौघांना मिळून ऑस्करचं नॉमिनेशन होतं, मूळ पटकथेसाठी. रापनोने पुढे 'सिरानो' काढला, १९९० चा, लांब नाकवाला.

मुक्ता_क

म्नुश्किन?! हे भारी आहे. तरी आन्येसबद्दलचं मत बदलत नाही, बाईने लिहिलं म्हणून बाई नीट लिहिली जातेच असं थोडंच आहे 🙂

रेवा_पॅरिस

धागा आत्ता दिसला. इथे पॅरिसमध्ये राहून या पिक्चरवर न बोलणं म्हणजे पाप.

आन्येसचं काम केलंय फ्रांस्वाज दोर्लेआकने, कॅथरीन दनव्हची मोठी बहीण. मुक्ता, मला ती बिनडोक नाही वाटली गं. ती घाबरत नाही, एवढंच. सगळे गंभीर चेहऱ्याने मूर्ती मूर्ती करतायत आणि हिला त्याचं सोयरसुतक नाही. दोघांपैकी खरी बेफिकीर तीच आहे, तो तर आयुष्यभर वेळेत हजर राहणारा माणूस. दुर्दैव असं की जून १९६७ मध्ये नीसजवळ गाडीच्या अपघातात ती गेली, वय फक्त २५. बहिणीबरोबरचा रोशफोरचा म्युझिकल त्याच वर्षी आलेला. त्यामुळे फ्रेंच लोक हिचा विषय निघाला की जरा हळू बोलतात.

चोरी होते ते म्युझियम खरं आहे, म्युझे द लॉम, आयफेल टॉवरच्या समोर नदीपलीकडे त्रोकादेरोला. पिक्चर बघून तिथे जाल तर मूर्तीबिर्ती फारशा दिसायच्या नाहीत, अमेरिका-आफ्रिकेकडचा तो संग्रह आता के ब्रान्ली म्युझियममध्ये हलवलाय, ते २००६ ला उघडलं. आमच्याकडे पाहुणे आले की मी दोन्ही दाखवते आणि पाहुणे दोन्हीकडे आधी कॅन्टीन कुठेय विचारतात.

आणि बेल्मोंडो इथे काय होता ते बाहेरून कळत नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये गेला तेव्हा लेझँव्हालिदला (पॅरिसमधलं लष्करी स्मारक) सरकारी मानवंदना दिली, बॅंडने मोरिकोनेचं 'की माई' वाजवलं आणि माझ्या शेजारची आजी टीव्हीसमोर हमसून हमसून रडत होती. तिला त्याचे 'ब्रेथलेस'वगैरे अजिबात आवडत नाहीत. तिचा बेबेल (बेल्मोंडोचं लाडाचं नाव) म्हणजे हॉटेलच्या बाहेरच्या कठड्यावरून खिडकी टू खिडकी जाणारा.

फॉर्म्युला_४४

तो कठड्यावरचा सीन डमी न वापरता आहे ना? खाली बघितलं की माझ्याच पोटात गोळा येतो.

रेवा_पॅरिस

हो, तोच आहे. तरुणपणी बॉक्सिंग केलेला माणूस. १९८५ च्या एका शूटिंगमध्ये डोक्याला लागलं, तेव्हा कुठे स्टंट करायचे थांबवले.

अण्णा_दादरकर

सिमेंटवाले, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बुलडोझरचा मुद्दा दमदार आहे. पण मला असं विचारायचं आहे की दिग्दर्शकाला जर तेच सांगायचं होतं, तर त्या दृश्यावर तो थांबतो किती? जेमतेम. लगेच आपण पॅरिसच्या स्टेशनवर. मित्र लेबेल भेटतो, आणि हा एवढं सगळं करून आलाय तर लेबेलच त्याला आपल्या रजेतली कटकट ऐकवतो, पॅरिस ओलांडून यायला केवढा त्रास झाला, काय साहस म्हणून सांगू! चित्रपट संपतो या विनोदावर, जंगलावर नाही. माणूस शेवट कुठे करतो यावरून त्याला काय महत्त्वाचं वाटतं ते कळतं.

सिमेंटवाला

अण्णा, उलट त्यामुळेच ते जास्त लागतं. थांबून व्हायोलिन वाजवलं असतं तर डॉक्युमेंटरी झाली असती. पोराने जगातला सगळ्यात मोठा खजिना ढिगाऱ्याखाली जाताना बघितला, जंगल आडवं होताना बघितलं, आणि त्याला ट्रेन पकडायचीय. आपण सगळे तेच करतो की, रोज ८:१२ ची.

अण्णा_दादरकर

८:१२ च्या मुद्द्यावर दादरकर गप्प.

चौकस

अवांतर: उद्योगपती दे कास्त्रो झालेला अडोल्फो चेली पुढच्याच वर्षी 'थंडरबॉल'मध्ये डोळ्याला पट्टी लावून बॉन्डसमोर उभा. पण त्याहून मजा म्हणजे हा इटालियन माणूस ब्राझीलमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला, साओ पाउलोच्या नाटक कंपनीत दिग्दर्शक होता. म्हणजे अख्ख्या परदेशी टीममध्ये चेलीच काय तो तिथला जाणकार.

निवांत_बंड्या

ती गुलाबी गाडी कोणाची? ट्रेलर बघितला. गुलाबी रंगावर हिरव्या चांदण्या! आमच्या गल्लीतल्या वरातीच्या गाडीची आई शोभेल.

वरणभात_तूप

बंड्या, ती गाडी सर विन्स्टनच्या कृपेने मिळते, म्हणजे तो बूट पॉलिशवाला पोरगा. लेकीचा फेवरेट तोच. तिचं म्हणणं सगळ्यात हुशार तो आहे, कारण एकटा तोच कधी उगाच पळत नाही, आणि मोठ्या माणसांना तोच वाट दाखवतो. मुक्ता, तुमचा रंगीत झोपडपट्टीचा मुद्दा मला पटतो, पण त्या पोराला पिक्चर कुठेही कीव करून दाखवत नाही एवढं मात्र आहे. आद्रियँ त्याच्याशी बरोबरीने बोलतो, टोपी वगैरे कुरवाळत नाही.

आन्येसवर लेकीचं मत: "ती बोअर झालीय बाबा, म्हणून नाचतेय."

मुक्ता_क

लेकीला समीक्षक करा. वडलांपेक्षा बरं लिहील 😛 बरं, बोअर झालीय हे मला सुचलं नव्हतं, परत बघते त्या नजरेने.

नाटक्या

धागा भरकटायच्या आत (म्हणजे भरकटलाच आहे) दुसऱ्या प्रश्नाकडे. द ब्रोका-बेल्मोंडो जोडीचा पुढचा पिक्चर १९६५ चा, 'चिनी माणसाच्या भानगडी' असं काहीतरी नाव, मूळ गोष्ट ज्यूल व्हर्नची. गडगंज श्रीमंत, आयुष्याला कंटाळलेला माणूस स्वतःच्याच खुनाची व्यवस्था करतो आणि मग जगावंसं वाटतं. हाँगकाँग, नेपाळ, उर्सुला अँड्रेस. पळापळ दुप्पट आणि म्हणूनच मजा निम्मी. त्यात आशियातल्या लोकांचं चित्रण बघून मुक्ताताई दुसरा धागा काढतील. त्यापेक्षा लेकीला भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न द्या.

रेवा_पॅरिस

+१. पाचवीतल्या मुलीला 'ला ग्रांद व्हाद्रुई' दाखवा, १९६६ चा. जर्मनांच्या ताब्यातलं १९४२ चं पॅरिस, तीन ब्रिटिश वैमानिक पॅराशूटने शहरात उतरतात आणि एक घरं रंगवणारा (बूर्व्हील) आणि एक तापट ऑर्केस्ट्रा कंडक्टर (लुई द फ्युनेस) यांच्या गळ्यात पडतात. एवढा गंभीर विषय आणि पोट धरून हसवतो. फ्रान्समध्ये १ कोटी ७० लाखांच्या वर तिकिटं गेली, फ्रेंच पिक्चरमध्ये हा रेकॉर्ड थेट २००८ पर्यंत टिकला. सुट्ट्यांमध्ये टीव्हीवर लागतोच लागतो, आणि सगळ्या घराला डायलॉग पाठ असतात. खरं तर लढाईनंतर वीस वर्षांत फ्रेंच आणि जर्मन एकत्र बसून याला हसले, यावर वेगळा धागा होईल.

अण्णा_दादरकर

अनुमोदन. द फ्युनेसला सबटायटल लागत नाहीत. चेहराच बोलतो.

मुक्ता_क

आणि त्यात बायका कशा आहेत?

रेवा_पॅरिस

कमी आहेत गं, पण एक नन आहे जी जर्मनांच्या नाकासमोरून सटकते. तुला आवडेल.

वरणभात_तूप

ठरलं, शनिवारी 'ला ग्रांद व्हाद्रुई'. रेवाताई, कंडक्टर आणि रंगारी यांना मी वेगवेगळे आवाज काढू शकेन, पण जर्मन सैनिकांना कोणता काढू ते सुचवा. मागच्या वेळी प्रोफेसरला नाना पाटेकर दिला तर आतून आई ओरडली की कोणाशी भांडतोयस.